वनपिंगळ्याची दोन शास्त्रीय नावं, खरं कुठलं धरायचं?

प्रश्न: वनपिंगळ्याचं नाव एका जुन्या लेखात हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी दिलंय आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये अथेनी ब्लेविटी. दोन वेगळे पक्षी आहेत का? – एक वाचक, धुळे

उत्तर: नाही हो, पक्षी एकच, जंगलातलं एक छोटं घुबड. १८७२ मध्ये आत्ताच्या छत्तीसगडात ब्लेविट यांनी याचा नमुना गोळा केला, आणि १८७३ मध्ये ह्यूम साहेबांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले, तेच) ब्लेविट यांच्या नावावरून त्याला नाव दिलं, वर त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स अशी वेगळी प्रजातीच (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) काढली. पुढे काहींनी तो नेहमीच्या पिंगळ्यासोबत अथेनीमध्ये टाकला, आणि मग हाडांचा अभ्यास झाल्यावर परत हेटेरोग्लॉक्सच बरोबर असं म्हटलं गेलं, कारण याची कवटी आणि पाय तसे दणकट आहेत. २०१८ मध्ये भारतातल्या संशोधकांनी डीएनए तपासला तर हा अथेनी प्रजातीतच बसला. त्यामुळे आता अथेनी ब्लेविटी लिहा, पुढे कंसात ह्यूम, १८७३. तो कंस असतो म्हणजे मूळ वर्णन दुसऱ्या प्रजातीच्या नावाखाली झालं होतं, एवढं नुसतं बघूनही कळतं.

खरं तर मला विचाराल तर नावापेक्षा मोठा घोळ लेबलचा होता. एकोणिसाव्या शतकातले मोजकेच नमुने म्युझियममध्ये, आणि त्यानंतरचा एकच, १९१४ चा, गुजरातमधल्या मांडवीचा, मायनर्ट्झहागन या कर्नलच्या नावावर. तिथे लोकांनी शोध शोध शोधला, काही हाती लागलं नाही. मग पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी बारकाईने बघितलं तर तो नमुना चक्क चोरलेला निघाला, मूळचा जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात तुमच्याच खानदेशात गोळा केलेला, कर्नलसाहेबांनी नुसतं स्वतःचं लेबल चिकटवलं होतं! म्हणून मांडवी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा सापडला, तोही दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला.

जुन्या नोंदी शोधताना मात्र दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर अर्धं हाती लागणारच नाही.