सबवूफर वाजतोय हे कळलं की समजायचं, काहीतरी चुकतंय

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, त्यात आता दहा इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (फक्त बास म्हणजे खालचे सूर वाजवणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर) आणलाय. वाटलं होतं मजा येईल, पण झालंय असं की गाणं समोर चाललंय आणि कोपऱ्यातून घुम्म घुम्म वेगळंच काहीतरी. आवाज कमी केला तर सबवूफर आहे की नाही तेच कळत नाही, वाढवला तर प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमतो. मागचे व्हॉल्यूम, क्रॉसओव्हर (कुठल्या सुराच्या खालचं सबवूफरने वाजवायचं ते ठरवणारा) आणि फेज (सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारा) हे तिन्ही नॉब फिरवून कंटाळलो. मॉडेल बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नका, नवा आणून त्याच कोपऱ्यात ठेवलात तर तोही तसाच घुमेल, कारण तुमचा आजार बहुतेक सबवूफरला नाही, खोलीला आहे. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. खोली 4 मीटरची असेल तर उत्तर येतं 43 हर्ट्झ, म्हणजे त्या सुराला खोली स्वतःच झोके देणार. आणि बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. आता कळलं ना एकच सूर का फुगतो ते? कोपऱ्यात ठेवलं की असे सगळे झोके एकदम जागे होतात, बास भरपूर मिळतो पण सगळा चिखल.

त्यामुळे नॉब सोडा, आधी जागा शोधा. सबवूफर उचलून चक्क तुमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवा, बास गिटार ठळक असलेलं एखादं गाणं लूपवर लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकत जा (घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर भलतीच काळजी करतील). मी केलं तेव्हा कोपऱ्यात नुसतं घोंघावत होतं, तिथून हातभर पुढे सरकलो आणि तेच गाणं असून बासचा एकेक सूर सुटा झाला, बोटाने तार ओढल्यासारखा. अशी जागा सापडली की सबवूफर तिथे. अजून एक, तुमची खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्ये असेल तर तीही अर्धा मीटर मागेपुढे करून बघा, लांबीच्या त्या पहिल्या झोक्याचा बास मधोमध जवळजवळ गायब असतो.

मग क्रॉसओव्हर. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बास मॅनेजमेंट (खालचे सूर स्पीकरकडून काढून सबवूफरकडे पाठवायची सोय) नसेल तर बुकशेल्फ स्पीकर त्यांना जमेल तितकं खाली वाजतच राहणार, म्हणून सबवूफरचा नॉब सगळ्यात खाली, 50 हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि स्पीकर जिथे थांबतात आणि सबवूफर जिथे सुरू होतो त्याच्या मधला खड्डा भरेपर्यंत अगदी थोडा थोडा वर न्या. नॉबवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, ते अंदाजेच असतात. पुरुषाचा आवाज जाड, छातीतून आल्यासारखा वाटायला लागला की जास्त झालं, मागे या. 100 च्या वर गेलात तर आवाज कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं आणि मग तुमचं ते "कोपऱ्यातून वेगळंच" परत सुरू.

फेजचं लोक उगाच टेन्शन घेतात. 80 हर्ट्झचा टोन लावा, तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्या कुणालातरी 0 आणि 180 करायला सांगा, ज्यात आवाज मोठा ती बाजू बरोबर. बारीक आवाज म्हणजे स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर येतोय तेव्हा सबवूफरचा आत जातोय, दोघं एकमेकांचं खातायत. 80 हर्ट्झची लाट साधारण 4.3 मीटर लांब असते, त्यामुळे सबवूफर तुमच्यापासून स्पीकरपेक्षा दोनेक मीटर जास्त दूर असला तरी हे होऊ शकतं, वायरी सरळ जोडलेल्या असल्या तरी.

व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी. सबवूफर वेगळा ऐकू येईपर्यंत वाढवा, मग किंचित मागे घ्या आणि दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी गाणं चालू असताना तो बंद करा, गाणं एकदम पोकळ वाटलं तर जमलं. चालू असताना मात्र त्याच्याकडे लक्ष जाता कामा नये.

प्रश्न : माझा सबवूफर 3 मीटरवर आहे, पण एव्ही रिसीव्हरचं (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरचं) ऑटो सेटअप, म्हणजे माइक लावून आपोआप होणारी मोजणी, 5 मीटर दाखवतं. टेपने मोजून बरोबर करू का?

उत्तर : नको, राहू द्या. रिसीव्हर टेप लावून मोजत नाही, आवाज पोचायला लागलेला वेळ मोजतो, आणि सबवूफरच्या आतल्या फिल्टर, प्रोसेसिंगमध्ये काही मिलिसेकंद जातात. 1 मीटर म्हणजे साधारण 3 मिलिसेकंद, ते जास्तीचे 2 मीटर तिथून आले. फक्त रिसीव्हरमध्ये स्पीकर "स्मॉल" (म्हणजे त्यांचे खालचे सूर सबवूफरकडे जातात) आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ आहे ना ते बघा, आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर एकच गोष्ट दोनदा गाळली जाते.