मुक्ता या नावाचा अर्थ काय? मोती की मुक्त झालेली?

तुम्ही विचारलंय की मुलीचं नाव मुक्ता ठेवायचं ठरतंय, पण घरात कुणी म्हणतं मुक्ता म्हणजे मोती, कुणी म्हणतं 'सुटलेली', आणि आजेसासूबाईंना तो दुसरा अर्थ तान्ह्या मुलीला बरा वाटत नाही. तर खरा अर्थ कोणता आणि शब्द आला कुठून?

दोन्ही अर्थ खरे आहेत. मी संस्कृत शिकवते, त्यामुळे ओळखीत कुणाकडे बारसं निघालं की असे प्रश्न माझ्याकडे येतातच. 'मुक्त'चं स्त्रीलिंग मुक्ता, आणि मोत्याचं नावही मुक्ता. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात रत्नांच्या यादीत पद्मरागाच्या, म्हणजे माणकाच्या, लगेच पुढे मौक्तिक आणि मुक्ता हे शब्द येतात. आपला 'मोती' या मौक्तिकापासूनच प्राकृतातून घडत आला. परंपरेने दिलेली व्युत्पत्ती मुच् म्हणजे सोडणे या धातूवरून आहे: शिंपल्यातून सुटते ती मुक्ता. आजेसासूबाईंना एवढं सांगितलंत तरी त्यांची शंका फिटेल असं मला वाटतं.

या रत्नाला ते शोभतंही. हिरा, माणिक, पाचू खाणीतून निघतात तेव्हा ओबडधोबड असतात. पैलू पाडल्याशिवाय त्यांचं तेज दिसत नाही. मोती मात्र शिंपल्यातून येतो तो पूर्ण होऊनच. आतल्या मऊ जिवाच्या अंगात काही शिरलं की तो त्याभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर चढवत जातो, आणि त्या थरांवर प्रकाश खेळला की मोत्याचं पाणी दिसतं. घरात जुनी नथ असेल तर तिचा एखादा मोती दातावर अगदी हलकेच घासून बघा. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत सरकतो.

आता मूळ. अनेक भाषाअभ्यासकांच्या मते हा शब्द दक्षिणेतून संस्कृतात आला. तमिळ आणि कन्नडमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात. तो प्राकृतात 'मुत्ता' झाला आणि मग संस्कृतात त्याला 'मुक्ता' असं रूप मिळालं, असं ते मानतात. मला हे पटतं. ऋग्वेदात सवितृदेवाचा रथ मोत्यांनी सजवलेला आहे, पण तिथे शब्द आहे 'कृशन'. मुक्ता नंतर येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे प्रकार सांगताना यादीची सुरुवातच दक्षिणेतल्या, म्हणजे ताम्रपर्णी आणि पांड्य राजांच्या मुलखातल्या मोत्यांनी होते. तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या मन्नारच्या आखातातले मोती उत्तरेत गेले, तसं नावही त्यांच्यासोबत गेलं असणार. मुत्तुलक्ष्मी हे तमिळ नाव ऐकलं की मला आपली मुक्ताच आठवते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली मार्गारिदासुद्धा मोतीच; ते नाव ग्रीकमधून लॅटिनमार्गे पोर्तुगीजांकडे आलं.

पण महाराष्ट्रात हे नाव ठेवताना बहुतेकांच्या मनात दागिना नसतो, मुक्ताई असते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वारकरी या चार भावंडांच्या नावांतच परमार्थाची वाट वाचतात, आणि ती वाट जिथे पोचते ती मुक्ता. परंपरेनुसार मुक्ताईंचा काळ १२७९ ते १२९७, म्हणजे उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात, रुसून झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना 'ताटी उघडा' म्हणणारी धाकटी बहीण त्या झाल्या आणि वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या चांगदेवांच्या गुरूही झाल्या. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचं नाव आज मुक्ताईनगर आहे, आणि तिथून दर आषाढीला त्यांची पालखी पंढरपूरला निघते.

आणखी एक मुक्ता मुलीला मोठेपणी जरूर सांगा. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. धर्माच्या नावाने आपल्या लोकांवर काय लादलं गेलं, हे तिने त्या वयात नाव घेऊन लिहिलं. माझ्या लेखी या नावाला एवढं वजन दुसऱ्या कुठल्याही अर्थाने येत नाही.

पत्रिकेचं विचाराल तर 'मु' हे मघा नक्षत्राचं अक्षर, म्हणजे नावरास सिंह. मोती चंद्राचं रत्न मानतात, पण नाव मुक्ता आहे म्हणून अंगठीत मोती घालावा असं काही नाही.

एका गोष्टीची तयारी मात्र ठेवा. 'काय मुक्ताफळं उधळतेस!' असं शाळेत कुणीतरी तिला नक्की चिडवणार. मुक्ताफळ म्हणजे मुळात मोतीच. तेराव्या शतकात, मुक्ताई जगल्या त्याच सुमाराला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आश्रयाने बोपदेवाने भागवतावर ग्रंथ रचला, त्याचं नाव 'मुक्ताफल'. हेमाद्रीच्या नावावर असलेली त्याची टीका 'कैवल्यदीपिका'. कैवल्य म्हणजे मोक्ष. मोती आणि मुक्ती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदवायला तेव्हाच्या पंडितांना काही अडचण वाटली नव्हती, तेव्हा तुमच्या घरातही वाटायचं कारण नाही.