गोळी कमी केली आणि काही झालं, तर?

"गोळी कमी केली आणि त्याने पुन्हा हात उगारला, तर दोष कोणाच्या माथी?" बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे आईवडील मला हे सतत विचारतात. डॉक्टर घरच्यांच्या तोंडाकडे बघतात, घरचे डॉक्टरांच्या, आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

34 वर्षांच्या मुलाला घेऊन आई आणि धाकटा भाऊ आले. तो अंगावर धावून जायचा म्हणून 9 वर्षांपूर्वी रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध सुरू झालेलं. मनोविकाराचं निदान कधीच नव्हतं. आता तो दिवसभर येरझाऱ्या घालायचा. "पुन्हा बिघडतोय. डोस वाढवून मागू का?" आईंचा प्रश्न.

तीन भेटींत सगळे त्याच्याबद्दल बोलले, त्याच्यादेखत. चौथ्या भेटीत मी त्यालाच विचारलं, "गोळी घेतल्यावर तुम्हाला कसं वाटतं?" 'तुम्हाला' ऐकून त्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय ते. त्याला आजवर कुणी अहो-जाहो केलंच नव्हतं. मी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्याने मांडीवर थाप मारली. "पाय. पाय बसू देत नाही."

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या औषधांनी अशी तगमग होऊ शकते. तिलाच बिघाड समजून डोस वाढवला, तर तगमगही वाढते. ज्याला घरात विचारलं जात नाही, त्याचं वागणंच बोलतं, हे मी पूर्वीपासून मानत आले आहे. त्या दिवशी तो शब्दांत बोलला.

भावाला धास्ती होती ती गोळीविना कसं निभेल याची. 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अशाच 86 जणांवरच्या चाचणीत आक्रमकता औषधाने कमी झाली, तशी नुसत्या प्लासिबोनेही, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीनेही, झाली होती. हे त्याला सांगितलं. पण गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हेही बजावलं.

मग कामं वाटली. डोस किती आणि कधी उतरवायचा, ते डॉक्टर ठरवणार. झोप, येरझाऱ्या, शौच यांची नोंद आईंकडे. आईंच्या हाताबाहेर गेलं तर डॉक्टरांना फोन भावाने करायचा. आणि पाय कसे आहेत ते रोज रात्री त्याने स्वतः चित्रांच्या कार्डावर दाखवायचं.

दुसऱ्या महिन्यात एक आठवडा वाईट गेला. त्याने आईंना ढकललं. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी तोंड तपासायला सांगितलं. दाढ किडलेली निघाली. डोस आता निम्म्यावर आहे. आई नोंद विसरल्या, तर तोच वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवतो.