छोट्या देशांतली माणसं आणि भरवशाचे संदर्भ

तुवालूच्या एका माजी मंत्र्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहितोय. दहा संकेतस्थळांवर तीच माहिती मिळाली. तेवढे संदर्भ पुरतील का? (उदगीर)

ते दहा संदर्भ नाहीत, बहुधा एकच आहे. मजकुरातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य इंग्रजी विकिपीडियात सापडलं, तर तिथल्या 'इतिहास' पानावर ते कधी आलं ते बघा. संकेतस्थळावरची तारीख त्यानंतरची असेल, तर तो संदर्भ सोडून द्या. नाहीतर विकिपीडियाच विकिपीडियाला साक्षीदार होतो.

मग मुळाकडे जा. तुवालू १ ऑक्टोबर १९७८ ला स्वतंत्र झाला. पण 'तुवालू' हे नाव त्याआधीच, १९७५ मध्ये आलं; त्यापूर्वीच्या बातम्या 'एलिस आयलंड्स' या जुन्या नावाखाली असतात. निजामकाळातलं अंबाजोगाई शोधायचं तर मोमिनाबाद बघावं लागतं, तसंच हे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर 'पॅसिफिक आयलंड्स मंथली' या मासिकाचे १९३० पासूनचे अंक फुकट वाचता येतात. छापील पानाचं यंत्राने केलेलं वाचन चुकतं, म्हणून नावाची दोन-तीन स्पेलिंग लावून पाहा आणि शेवटी पानाचं चित्र उघडून स्वतः वाचा. संदर्भात अंकाची तारीख आणि पान क्रमांक हवाच.

एस्वातिनीच्या एका धावपटूच्या दोन जन्मतारखा दिसतात, ४ जुलै आणि ७ एप्रिल. कोणती घेऊ? (परभणी)

४/७ ही तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली की ७ एप्रिल होते, घोटाळा बहुधा इथेच आहे. 'ऑलिंपीडिया' हे ऑलिंपिक खेळाडूंच्या माहितीचं संकेतस्थळ आणि जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं पान जुळलं, तरी दोघांची माहिती एकाच प्रवेशअर्जातून आलेली असू शकते. महिना शब्दात छापलेली जुनी बातमी मिळाली तर ती धरा, पण २०१८ आधीची असेल तर 'स्वाझीलँड' नावाने शोधा, कारण तोवर देशाचं नाव तेच होतं. नाहीच मिळाली, तर फक्त वर्ष लिहा आणि दोन्ही तारखा तळटीपेत द्या. अंदाजाने एक निवडू नका. जिवंत माणसाच्या बाबतीत तर मुळीच नको.

देशातलं मुख्य वृत्तपत्रच सरकारी असेल तर? (बीड)

भूतानचं 'क्युएन्सेल' १९६५ मध्ये सरकारी पत्रक म्हणूनच सुरू झालं. नेमणूक, राजीनामा, निवडणुकीचा निकाल यांसाठी असं वृत्तपत्र चालतं. कौतुक किंवा आरोप यांसाठी मात्र देशाबाहेरचा, स्वतंत्र संदर्भ जोडा.

दुवे वर्षभरात मरतात. उपाय? (नांदेड)

लेख जतन करायच्या आधीच प्रत्येक दुवा 'वेबॅक मशीन' या, वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवा आणि साठवलेली प्रत उघडून पाहा, कारण कधीकधी नुसतं कोरं पान साठतं. मग मूळ आणि साठवलेला असे दोन्ही दुवे संदर्भात द्या.