पुस्तक ठरलंय, पण सोबत खेळणं कुठलं देऊ?

सुट्ट्या जवळ आल्या की या सदरात मुलांच्या पुस्तकांचे प्रश्न एकदम वाढतात. यावेळी तर बहुतेकांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय, की पुस्तकासोबत खेळणं द्यावं का, आणि दिलं तर कसं निवडायचं. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून हेच प्रश्न एकत्र घेतेय.

प्रश्न: ताई, माझी भाची चार वर्षांची आहे. सुट्टीत तिच्याकडे जाणार आहे. पुस्तक द्यायचं नक्की केलंय, पण नुसतंच पुस्तक दिलं तर तिचा चेहरा पडेल असं वाटतं. दुकानात पुस्तक आणि सॉफ्ट टॉय असे तयार सेट मिळतात, तो घेऊन टाकू का? – एक मावशी

उत्तर: सेट घ्यायला हरकत नाही, पण आधी तो उघडून दाखवायला सांगा आणि त्यातलं पुस्तक तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचा. चार वर्षांच्या मुलांचं पुस्तक आहे, पाच-सात मिनिटांत होतं. वाचताना स्वतःला एवढंच विचारा की हे पुस्तक एकटं असतं तर मी घेतलं असतं का, आणि हेच मला रोज रात्री परत परत वाचावं लागलं तर चालेल का, कारण चार वर्षांची मुलं तेच करायला लावतात. बऱ्याच सेटमध्ये सगळा जीव खेळण्यात असतो आणि पुस्तक म्हणजे त्या खेळण्याची दहा पानांची जाहिरात असते, गोष्टच नसते. तसं असेल तर सरळ ठेवून द्या आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या निवडा.

आता निवडायचं कसं. आपण सगळे काय करतो, गोष्टीत अस्वल असलं की अस्वल घेतो, गाडी असली की गाडी घेतो. मी सांगेन की गोष्टीत कोण आहे ते बघू नका, गोष्टीत काय घडतं ते बघा, आणि ते मुलाला स्वतःच्या हाताने करता येईल असं काहीतरी द्या. समजा गोष्ट अशी आहे की घरातली लाईट गेलीय, एक मुलगी टॉर्च घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतेय आणि भिंतीवरच्या सावल्यांना आधी घाबरते, मग त्यांच्याशीच खेळायला लागते. याच्यासोबत त्या मुलीची बाहुली दिली तर बाहुली दोन दिवसांनी बाकीच्या बाहुल्यांत जाऊन पडेल. त्याऐवजी लहान हातात मावेल असा एक साधा टॉर्च द्या. रात्री खोलीत अंधार करायचा, पुस्तकातलं सावलीचं पान आलं की भाचीने टॉर्च लावायचा आणि तुम्ही भिंतीसमोर चमचा धरायचा, तो टॉर्चच्या जवळ नेला की सावली केवढी मोठी होते आणि भिंतीकडे नेला की कशी लहान होते हे तिला एकदा दिसलं ना, की मग कंगवा, चावी, स्वतःचा हात, सगळं त्या उजेडात येणार आणि प्रत्येक वेळी ते पान परत उघडलं जाणार. टॉर्च फक्त असा घ्या की बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं, आणि डोळ्यात मारायचा नाही हे आधीच सांगून ठेवा.

असंच मुंग्यांच्या गोष्टीसोबत भिंग, पूल कोसळतो अशा गोष्टीसोबत लाकडी ठोकळे, कुणीतरी कुणाला पत्र लिहितं अशा गोष्टीसोबत पाकिटं आणि शिक्के. यातलं काहीही त्या पुस्तकाचं म्हणून दुकानात मिळत नाही, तुम्हालाच जोडावं लागतं. गिफ्ट देणाऱ्याने गोष्ट नीट वाचलीय हे मुलांना त्यातनंच कळतं.

गोष्टीतलं पात्र खेळणं म्हणून देणं वाईट असतं असं मात्र मी म्हणत नाही, ती पद्धत खूप जुनी आहे. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेने तिचं सशाचं पुस्तक १९०२ मध्ये आल्यावर पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, त्या सशाच्या बाहुलीचं पेटंट घेतलं होतं. आणि उलटंही झालंय, विनी द पूह हे अस्वल १९२६ च्या पुस्तकात यायच्या आधी लेखकाच्या मुलाचं खरंखुरं खेळणं होतं, ते आणि त्याचे सोबती अजून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ठेवलेले आहेत. म्हणजे घरात एखादं लाडकं, झिजलेलं सॉफ्ट टॉय आधीच असेल तर नवीन आणूच नका, त्या प्राण्याची चांगली गोष्ट शोधून आणा. भाचीच्या आईला फोन करून विचारा ती कुणाला कुशीत घेऊन झोपते ते. मला स्वतःला ही जोडी सगळ्यात जास्त आवडते.

प्रश्न: मागच्या सुट्टीत लेकाला पुस्तक आणि गाडी एकत्र पॅक करून दिली. गाडीचा पार खुळखुळा झाला, पुस्तक अजून कोरं आहे. पाच वर्षांचा आहे. यावेळी काय वेगळं करू? – एक आई

उत्तर: एकत्र पॅक करू नका, एवढंच बदला आधी. एका कागदातून गाडी आणि पुस्तक निघाल्यावर कुठलंही मूल गाडीच उचलणार, ती लगेच चालते ना, पुस्तकाला मात्र वाचून दाखवणारं माणूस लागतं. पाच वर्षांच्या मुलाला दिलेलं पुस्तक हे अर्धंच गिफ्ट असतं, उरलेलं अर्धं म्हणजे तुमचा किंवा घरातल्या कुणाचातरी बसून वाचायचा वेळ. म्हणून पुस्तक आधी द्या, शक्यतो संध्याकाळी, पाहुणे आणि गडबड नसताना, आणि तेव्हाच वाचा. खेळणं दुसऱ्या दिवशी. आणि वाचताना शेवटच्या पानावर येऊन थांबू नका, विचारा की तू असतास तर काय केलं असतंस, हा असं का वागला असेल, आता पुढे काय होईल. मग दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीतली वस्तू हातात आली की तो खेळताना आपोआप गोष्ट बोलायला लागेल, आणि तुमच्या लक्षात येईल की कालच्या गोष्टीत त्याने स्वतःचे बदलही केलेत. करू द्या, चुकीची गोष्ट सांगतोय म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका.

खेळताना पुस्तक त्याच्या हाताशी राहील असं बघा. शेल्फवर कणा बाहेर करून उभं लावलेलं पुस्तक लहान मुलाला दिसतच नाही, त्याला वाचता येत नसेल तर कण्यावरच्या नावाचा उपयोग काय. कव्हर समोर दिसेल असं, ठोकळ्यांच्या किंवा गाड्यांच्या टोपलीशेजारीच ठेवा.

सॉफ्ट टॉय असेल तर अजून एक करून बघा. काही लायब्ररींमध्ये मुलांनी आपलं सॉफ्ट टॉय एक रात्र लायब्ररीत ठेवायचं असा उपक्रम करतात, तिथले लोक रात्री त्या खेळण्यांचे पुस्तकं बघतानाचे फोटो काढतात आणि सकाळी मुलांना फोटो आणि खेळण्याने 'निवडलेलं' पुस्तक देतात. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असं दिसलं की या रात्रीनंतर मुलं आपणहून खेळण्याला पुस्तक वाचून दाखवायला लागली. हे घरीही जमतं. रात्री तो झोपल्यावर भालूला सोफ्यावर बसवा, मांडीवर पुस्तक उघडं ठेवा, एक फोटो काढा आणि सकाळी दाखवा.

प्रश्न: माझी मुलगी वर्षाची आहे. पुस्तक दिलं की थेट तोंडात घालते. तिचे काका विचारतायत की बटण दाबलं की बोलणारं, गाणी म्हणणारं पुस्तक आणू का, म्हणजे पुस्तक आणि खेळणं दोन्ही एकातच. – एक बाबा

उत्तर: तोंडात घालू द्या, या वयात पुस्तकाची ओळख तशीच होते. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे गोल असलेलं बोर्ड बुक आणा, किंवा कापडाचं आणा. पानावर एकच मोठं ठसठशीत चित्र असलं तर उत्तम, गर्दीची चित्रं आत्ता नकोत.

बोलणाऱ्या पुस्तकाला मात्र मी नाही म्हणेन, आणि काकांना कारण नीट सांगा म्हणजे वाईट वाटणार नाही. २०१६ मध्ये जामा पीडियाट्रिक्स या मुलांच्या आरोग्यावरच्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईबाबा अशा २६ जोड्या, त्यांच्या स्वतःच्या घरी. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना आईबाबा मिनिटाला साधारण ४० शब्द बोलत होते, साध्या खेळण्यांशी खेळताना ५६ आणि पुस्तक बघताना ६७. छोटा अभ्यास आहे, पण घरात जे दिसतं त्याच्याशी अगदी जुळतो, खेळणं बोलायला लागलं की माणसं गप्प होतात. आणि वर्षाच्या बाळाला तर तुमचंच बोलणं हवंय, तुमचा चेहरा बघत बघत. काकांना म्हणावं साधं प्राण्यांचं बोर्ड बुक आणा आणि हँड पपेट आणा, आवाज काका काढतील.

सेफ्टीचं मात्र कडक राहा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची जी चाचणी असते त्यात साधारण सव्वा इंच रुंदीचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते म्हणून बाद. घरी टॉयलेट रोलचं पुठ्ठ्याचं नळकांडं घ्या, ते थोडं मोठं असतं म्हणजे अजून सुरक्षित, त्यातून जे जातं ते बाळाच्या हातात नको. पपेटचे चिकटवलेले डोळे, बटणं ओढून बघा. आवाजाच्या पुस्तकांत आणि ग्रीटिंगमध्ये बऱ्याचदा बटण सेल, म्हणजे बटणाएवढे चपटे सेल असतात, असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं, त्यामुळे गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच हॉस्पिटल, थांबून बघायचं नाही. चुंबकाचे छोटे तुकडेही तसेच, दोन गिळले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

प्रश्न: मला दोन नातू आहेत, एक नऊ वर्षांचा, एक सहा. मोठा पुस्तकाला हात लावत नाही, फक्त मशीन, इंजिन, खोलाखोली. त्याला गोष्टीचं पुस्तक देऊन पुस्तक संपवलं तर रिमोटची गाडी देईन असं सांगू का? – आजोबा

उत्तर: आजोबा, तुमची तळमळ कळतेय पण अशी अट घालू नका. पुस्तक संपव मग गाडी, असं म्हटलं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की पुस्तक हे कडू औषध आहे आणि मजा त्याच्या नंतर आहे. दोन्ही गोष्टी बिनशर्त द्या.

आणि गोष्टीचंच पुस्तक का? मशीनवेड्या पोराला मशीनचंच पुस्तक द्या, इंजिन आतून कसं दिसतं, क्रेन एवढं वजन कसं उचलते, आडवे छेद दाखवणारी मोठी चित्रं, बाण, त्याला लागून दोन-दोन ओळी. मुलं असली पुस्तकं पहिल्या पानापासून वाचत नाहीत, मधूनच उघडतात, चित्रावरून मजकुरावर येतात, परत मागे जातात. तेही वाचनच आहे, पूर्ण वाचन. कॉमिक्सही वाचनच. सोबत नटबोल्ट आणि पट्ट्यांचा जोडायचा सेट द्या, किंवा गिअर आणि पुलींचा, आणि सेटमधलं सूचनांचं पुस्तक त्यालाच वाचून तुम्हाला सांगू दे, तुम्ही फक्त बोल्ट धरा. पायरी चुकली की त्याला मागे जाऊन परत वाचावं लागतं, आणि ते वाचायला कुणी बस म्हणून सांगावं लागत नाही.

त्याला गोष्टी आवडतच नाहीत असंही लगेच ठरवू नका हं. मुलांना ऐकून जेवढं कळतं तेवढं वाचून कळायला बरीच वर्षं लागतात, नऊ वर्षांचा मुलगा अडखळत वाचत असेल तर त्याला जमणारी पुस्तकं त्याला बाळबोध वाटतात आणि आवडतील अशी पुस्तकं जमत नाहीत, मग तो दोन्ही सोडतो. म्हणून एक जाड, प्रकरणांची साहसकथा तुमच्या नावाने आणा आणि रोज एक प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, दोघांना एकदम. सहा वर्षांचाही ऐकेल, सगळं कळलं नाही तरी. ऐकताना हात मोकळे नकोत म्हणून मोठा काहीतरी जोडत बसला तर बसू द्या, कान इकडेच असतात. अक्षरं हलल्यासारखी वाटतात किंवा रोजचे शब्दही ओळखता येत नाहीत असं काही तो म्हणत असेल तर मात्र त्याच्या आईबाबांना सांगून डोळे आणि वाचनाची तपासणी करून घ्या.

धाकट्याला त्याचं स्वतःचं वेगळं पुस्तक द्या, त्यावर त्याचं नाव घालून. मोठ्याचं वापरलेलं नेहमीच त्याच्या वाट्याला येतं.

प्रश्न: मुलीला मुलींची आणि मुलाला मुलांची पुस्तकं असं काही असतं का हो?

उत्तर: नाही. मुलाला बाहुलीघर आणि घर शिफ्ट करतानाची गोष्ट द्या, मुलीला ज्वालामुखी द्या. मूल काय बघत थांबतं ते बघा, बस.

प्रश्न: आमच्याकडे सुट्टीत सगळे नातेवाईक एकदम येतात आणि दोन वर्षांच्या नातीला खेळण्यांचा ढीग पडतो. त्यात आमचं पुस्तक कुठे दिसणार? – एक आजी

उत्तर: ढीग एकदम समोर ठेवू नका, आजी. २०१८ मध्ये अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा ४ खेळण्यांसोबत आणि एकदा १६ खेळण्यांसोबत खेळताना बघितलं, तर ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. तेव्हा चार बाहेर ठेवा, बाकी कपाटात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदला, मुलांना ती परत नवीच वाटतात. पुस्तकं मात्र कपाटात घालू नका. आणि पुढच्या वेळेला नातेवाईकांना आधीच सांगा की प्रत्येकाने आपल्या लहानपणी आवडलेल्या गोष्टीचं एक पुस्तक आणा आणि इथे असताना एकदा तरी तिला मांडीवर घेऊन वाचा, जुनं, वापरलेलं असलं तरी चालेल.

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची आहे, खूप वाचते. तिला आता खेळणं दिलं तर रागावेल का? – एक काकू

उत्तर: खेळणं नकोच, पण जोडी ठेवा. रहस्यकथा वाचत असेल तर सांकेतिक लिपीचं कोडं सोडवायचं पुस्तक, जंगलाबद्दल वाचत असेल तर साधी दुर्बीण आणि नोंदवही, चित्रकथा वाचत असेल तर चांगला कागद आणि काळी पेनं. मालिका वाचत असेल तर कितवा भाग झालाय ते तिच्या मैत्रिणीकडून काढून घ्या, तिसरा वाचून झालेलीला परत तिसराच मिळाला तर हिरमुसते. आणि पावती पुस्तकातच ठेवा म्हणजे बदलता येईल.