गोष्टीतल्या पिल्लाला आधी घाबरू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा साडेचार वर्षांचा. अंधार पडला की शेजारच्या खोलीत एकटा जात नाही, घसरगुंडीच्या पायऱ्या चढून तशाच परत उतरतो, नवीन माणूस दिसला की आईच्या मागे लपतो. रोज शूरवीरांच्या गोष्टी सांगूनही काही फरक नाही. गोष्टी चुकतायत का?

बहुतेक तिथेच चुकतंय. ज्याला भीती ठाऊकच नाही अशा वीराची गोष्ट ऐकून घाबरणाऱ्या मुलाला एवढंच कळतं, की शूर लोक वेगळे असतात आणि आपण त्यातले नाही. त्याला हवाय घाबरणारा नायक. पोटात गोळा आलेला असतानाही एक छोटंसं काम करून दाखवणारा. आणि नुसतं ऐकून भागत नाही. ऐकलेलं खेळात हातापायांनी करून पाहिलं, की मगच ते अंगात मुरतं.

या वयात अंधाराची भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी चेहरे नकोसे होतात, दोनेक वर्षांच्या मुलाला मोठे आवाज, आणि साधारण तीन ते सहा या काळात अंधार आणि मनातले राक्षस. कारण कल्पनाशक्ती भरधाव वाढत असते आणि खरं काय, मनातलं काय हे पारखण्याची शक्ती मागून हळूहळू येते. म्हणून हीच कल्पनाशक्ती कामाला लावायची.

गोष्ट स्वतः रचा, ते अवघड नाही. नायक मुलापेक्षा थोडा लहान असावा, म्हणजे मुलाला आपोआप मोठं झाल्यासारखं वाटतं. त्याला मुलाचं नाव देऊ नका. 'माझ्याबद्दलच बोलतायत' हे मुलाला लगेच कळतं आणि ते कान बंद करतं. प्राणी सगळ्यात सोपा. भीती शरीरात दाखवा: पोटात फुलपाखरं, ओले तळवे, जड झालेले पाय. पहिला प्रयत्न फसू द्या, आणि गोष्टीतलं कुणीही त्याला हसू नये. मग एक मदतनीस आणा. त्याने काम स्वतः करायचं नाही, फक्त एक युक्ती द्यायची. शेवटी काम होतं, पण भीती थोडी शिल्लक असते. हा शेवटचा भाग लोक हमखास गाळतात. 'आणि मग त्याला कध्धीच भीती वाटली नाही' असं सांगितलंत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भीती वाटणाऱ्या मुलाला आपण हरलो असंच वाटणार.

उदाहरणादाखल: उंदराच्या पिल्लाचा चेंडू पलंगाखाली गेला. खाली काळोख. पिल्लू दोन पावलं गेलं, शेपटी थरथरली, परत आलं. आजी म्हणाली, "आधी आवाज पाठवून बघ, मग पाय पाठव." पिल्लू "चूं" म्हणालं. काळोखातून काहीच उत्तर आलं नाही. मग एक पाऊल, पुन्हा "चूं". चेंडू मिळाला तेव्हा शेपटी अजून थोडी थरथरतच होती.

चार-पाच मिनिटं पुरतात. मधेच थांबून विचारा, "आता पिल्लाने काय करावं?" मुलगा "घरी जावं" म्हणाला तर पिल्लू घरी जाऊ दे, उद्या तीच गोष्ट तिथून पुढे न्या. "राक्षसाला मारून टाकावं" म्हणाला तर तेही चालेल, फक्त विचारा, "मारायला निघालं तेव्हा त्याचे पाय थरथरत होते का?" एकच गोष्ट आठवडाभर मागितली तर कंटाळू नका, ती त्याची तालीम चाललेली असते. नवीन भीतीची गोष्ट मात्र पहिल्यांदा दिवसाउजेडी सांगा, झोपताना नको.

मग खेळ. खेळण्यातल्या उंदराची भूमिका तुम्ही घ्या, आजीची मुलाला द्या. घाबरणारे तुम्ही, धीर देणारा तो. सल्ला देता देता तो स्वतःच युक्ती तोंडाने म्हणतो. फार रडारड करून दाखवू नका, त्याला ती आपली नक्कल वाटते.

दोन-तीन दिवसांनी खरी खोली घ्या. पाच मऊ खेळणी खोलीत लपवायची आणि त्याने त्यांची 'सुटका' करायची. आधी दिवे लावून, तुम्ही सोबत. मग दिवा बंद, टॉर्च त्याच्या हातात, तुम्ही आत. मग तुम्ही दारात. मग तुम्ही बाहेर, पण गाणं म्हणत, म्हणजे आवाज पोचत राहील. मग गाणं बंद. अगदी शेवटी टॉर्च विझवून पाच आकडे मोजायचे, पुढे दहा. प्रत्येक पायरी सहजपणे दोन-तीनदा जमली की मगच पुढची. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, तीही झोपेच्या तासभर आधी. टॉर्चची बॅटरी आधी तपासा, ऐन वेळी ती विझली तर केलेली मेहनत मागे जाते. दाराआडून "भॉ" करणाऱ्या मोठ्या भावंडाला आधीच सांगून ठेवा.

पायरी मोठी झाली का हे ओळखायला तोंडी प्रश्न उपयोगी नाहीत, "भीती वाटते का?" म्हटलं की या वयात 'हो' किंवा 'नाही' एवढंच येतं. दोन्ही हातांनी दाखवायला सांगा: तळवे जवळ म्हणजे चिमूटभर भीती, हात पसरले म्हणजे डोंगराएवढी. मधलं माप खेळायला योग्य. हात पूर्ण पसरले तर एक पायरी खाली या, ती जमू दे आणि खेळ तिथेच संपवा. रडत असताना आत ढकलून दार लावलं, तर 'खोली म्हणजे संकट' हेच पक्कं होतं. उलट, दर वेळी तुम्हीच धावत जाऊन वस्तू आणून दिलीत तर टाळल्यावर मिळणारी सुटका त्याला गोड लागते आणि भीती जागच्या जागी राहते.

ही पायरी-पायरीची रीत नवी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. सशाला न घाबरणारी मुलंही काही वेळा सोबत खेळायला असत. शेवटी पीटरने सशाला आपली बोटं कुरतडू दिली.

'खोल श्वास घे' हे चार वर्षांच्या मुलाला सहसा जमत नाही, ते खांदे वर करून हवा आत ओढतं आणि आणखी घाबरं होतं. साबणाचे फुगे द्या. जोरात फुंकलं तर फुगा फुटतो, म्हणून श्वास आपसूक सावकाश सुटतो. फुगे शांत वेळी खेळून ठेवा, मग घाबरल्यावर नुसतं 'फुगा फुंक' म्हटलं तरी पुरतं.

पलंगाखाली राक्षस आहे म्हणून त्याला पळवायला पाण्याचा फवारा मारण्याची युक्ती बरीच चालते. त्या रात्री झोप लागतेही, पण मोठ्या माणसानेच फवारा मारला म्हणजे राक्षस आहे याची साक्ष दिली. त्याऐवजी सरळ सांगा, "राक्षस खरे नसतात, पण भीती खरीच वाटते." मग दिवसा त्या राक्षसाचं चित्र काढा किंवा मातीचा करा, त्याला गमतीदार नाव द्या आणि तो स्वतः कशाला घाबरतो ते मुलालाच ठरवू द्या. आपण घडवलेली वस्तू आपण मोडूही शकतो, हे हाताला कळतं. आणि जेवत नाही म्हणून घरात कुणी बागुलबुवाला बोलवत असेल, तर ते आजपासून बंद.

आवडत्या नायकाचं सोंग घेणंही कामाला येतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांची जी मुलं बॅटमॅनसारख्या पात्राच्या भूमिकेत शिरली, ती कंटाळवाण्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिली. तो प्रयोग चिकाटीचा होता, भीतीचा नव्हे, पण "आता उंदीरमामा काय करेल?" हा प्रश्न अडलेल्या मुलाला बऱ्याचदा हलवतो. गळ्यात बांधलेली झूल मात्र घसरगुंडीवर जाण्याआधी काढा, दोरी अडकून गळफास बसू शकतो.

घसरगुंडीसाठी आधी खेळणं घसरू दे, मग बुटकी घसरगुंडी. उंची जोखून तो परत उतरत असेल तर त्यात त्याची समजही असते, घाई नको. नव्या माणसाशी आधी हातातली बाहुली बोलली तरी चालेल, लाजाळूपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. आणि अधूनमधून अशीही गोष्ट सांगा जिथे नायक खोल पाण्यात उतरत नाही आणि मोठ्या माणसाला हाक मारतो.

"त्यात काय घाबरायचं", "शूर मुलं रडत नाहीत" ही वाक्यं सोडा. "पाय थरथरत होते, तरी दारापर्यंत गेलास" असं जे घडलं तेच सांगा.

आजारपण, घर बदलणं, नवं बाळ यानंतर मूल दोन पायऱ्या मागे येतं, तेव्हा तिथूनच पुन्हा सुरू करा, बहुतेकदा दुसऱ्या खेपेला लवकर जमतं. महिनाभर करूनही तसूभर फरक नसेल, झोप किंवा शाळा बिघडत असेल, रोज सकाळी पोट दुखत असेल, किंवा एखाद्या प्रसंगानंतर भीती अचानक सुरू झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा. जाताना कधी, कुठे, किती वेळ घाबरतो याची आठवड्याभराची नोंद सोबत न्या.