विहिरीवरची मोटार चोरीला गेली, पोलीस ठाण्यात नुसता अर्ज ठेवून घेतला. आता काय करावं?

अर्जावर थांबू नका, एफआयआर मागा. मेख किमतीत आहे: नव्या भारतीय न्याय संहितेतली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे पोलीस त्यावर थेट एफआयआर घेत नाहीत. म्हणून मोटार, स्टार्टर, केबल सगळं एकत्र लिहा, पावती जोडा. परभणीकडं आमच्या शिवारात चोरट्यांनी तांब्यासाठी केबल बांधावरच जाळली होती. काळं पडलेलं प्लास्टिक तसंच ठेवून आधी पोलीस पाटलांना दाखवलं, फोटो काढले. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे पोलिसांचं कारण चालत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तरी टाळलंच तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा. रात्री शिवारात अनोळखी टेम्पो दिसला तर एकट्यानं अडवू नका, ११२ लावा.